रंगताई आणि सहा नमुने

रंगताई काटेकाकांना फारशा कळल्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एका काचेच्या दोन बाजूंना बसून दोघांनी नोकरीचं सगळं आयुष्य काढलं, पण ताईंना गोड आवडायचं की तिखट, असं कुणी विचारलं असतं तर काकांना डोकं खाजवत बसावं लागलं असतं. त्यांच्या घरी काका कधी गेले नाहीत. त्यांचं माहेर कुठलं, भावंडं किती, त्यांना गाणं ऐकायला आवडायचं का, काही ठाऊक नाही. तेव्हा पुढे जे येतंय ते एका वजन करणाऱ्या माणसाला काचेतून दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. ते पुरेसं आहे की नाही, हे काकांनाही सांगता यायचं नाही.

दोघं ज्या ठिकाणी कामाला होते ती हिरे तपासायची लॅब. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी चकचकीत येतं. ही एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्यांत होती. खाली शिंपी, वर दातांचा डॉक्टर. डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं की काकांचा वजनाचा काटा थरथरायचा आणि काका हात वर करून म्हणायचे, "थांबा, कुणाची तरी दाढ चाललीय."

काम सरळ होतं. दुकानदार किंवा व्यापारी हिरा आणून द्यायचा. बाहेरच्या खिडकीवर त्याचं नाव काढून टाकून पाकिटावर नुसता क्रमांक पडायचा. पाकीट पहिल्यांदा काकांकडे. ते वजन करायचे. मग काचेपलीकडच्या खोलीत रंगताईंकडे. त्या रंग ठरवायच्या. मग आत सूक्ष्मदर्शकावर डाग बघायचे, आणि शेवटी रिपोर्ट छापून निघायचा. कुठल्यातरी दुकानात कुठलातरी माणूस तो रिपोर्ट वाचून अंगठी घ्यायचा. त्याला ना हिऱ्यातलं काही कळायचं, ना दुकानदाराच्या पोटातलं. त्याला कागद तेवढा वाचता यायचा.

या माणसाला रंगताई 'पलीकडचा' म्हणायच्या. लॅबमध्ये तो कधी यायचा नाही. यायचा तो व्यापारी, आणि निकाल हातात पडला की त्याला रंगाचं अक्षर नेहमी एक पायरी वरचं हवं असायचं. "ताई, जरा बघा ना पुन्हा, एचचा जी होतोय का." त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं, "मी करीन हो. पण पलीकडचा काय म्हणेल?" व्यापारी हसायचा आणि पाकीट उचलायचा. नव्या मुलींना शिकवतानाही त्या हेच सांगायच्या. तुमच्या समोर हिरा आहे, हिऱ्याच्या मागे व्यापारी आहे, आणि त्याच्याही मागे पलीकडचा उभा आहे. पहिले दोघं तुम्हाला दिसतात. काम तिसऱ्याचं करायचं.

रंगताई हे नाव अर्थातच कामावरून पडलेलं. गंमत अशी की रंगाच्या खोलीत रंगीत कपडे घालायला बंदी होती. लाल-पिवळं काही घातलं की त्याची झाक पांढऱ्या कागदावर पडते आणि हिरा खोटा दिसतो. म्हणून भिंती राखाडी, टेबल पांढरं, आणि ताईही वर्षानुवर्षं पांढऱ्या-करड्यातच. "नाव रंगताई आणि अवतार बघा," त्या स्वतःच म्हणायच्या. "दवाखान्यात गेले तर पेशंट मला नाडी दाखवतात."

काकांचं नावही असंच काट्यावरून पडलेलं. ताई काही वयाने त्यांच्याहून फार लहान नव्हत्या, तरी काकाच म्हणायच्या. वजन करताना काका श्वास रोखून धरायचे. काट्याला काचेची पेटी होती, श्वास रोखायची तशी गरज नव्हती, पण एकदा सवय लागली ती लागली. पंखाही काकांच्या पायी बंद असायचा. उन्हाळ्यात सगळी लॅब घामाघूम व्हायची आणि सगळ्यांचा राग काकांवर निघायचा. ताई काचेवर टकटक करून म्हणायच्या, "श्वास घ्या, काटेकाका. वजन झालं. तुम्ही गेलात तर तुमचं वजन कोण करणार?"

आता नमुन्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्याभोवतीच घडलं.

हिऱ्याचा रंग नुसता बघून सांगता येत नाही. पांढरा आणि किंचित पिवळसर, यांच्यामध्ये इतक्या बारीक पायऱ्या आहेत की एकटा हिरा समोर ठेवला तर जन्मभर हेच करणारा माणूसही चुकेल. म्हणून एका लांबट डबीत सहा खाचा, खाचांत सहा हिरे. सगळ्यात पांढऱ्याला डी, मग ई, एफ, जी, एच, आणि शेवटी आय. आलेला हिरा पालथा घालून या सहांच्या शेजारी एकेक करून सरकवायचा. ज्याच्या शेजारी वेगळा दिसत नाही, त्याचं अक्षर त्याला. "रंग लक्षात राहत नाही," असं ताई शिकवायच्या. "कुणी म्हणालं मला आठवतोय, तर समजा तो थापा मारतोय. रंग शेजारी ठेवूनच कळतो. डोळ्यावर विसंबू नका, डोळा दमतो, डोळा म्हातारा होतो. नमुन्यावर विसंबा." आणि मग काचेकडे बोट दाखवून, "आपल्याकडे एकूण सात नमुने आहेत. सहा डबीत, सातवा त्या काट्यामागे श्वास कोंडून बसलाय."

लॅब सुरू केली ती ताईंच्या यजमानांनी. त्यांना सगळे थोरले साहेब म्हणत. ते अचानक गेले आणि लॅब त्यांच्या धाकट्या भावाकडे आली. हे धाकटे साहेब. ताई त्यांना भावजी म्हणायच्या, ते त्यांना वहिनी. ताई लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हे भावजी शाळेत होते. त्यांची गणितं ताईंनी सोडवून दिलेली, त्यांच्यासाठी मुलगी बघायला ताईच पुढे झालेल्या, आणि थोरले गेल्यावर "लॅब तुम्हीच बघा, मला माझी खोली पुरे" असं म्हणून चाव्याही ताईंनीच त्यांच्या हातात दिलेल्या. धाकटे माणूस वागायला गोड. कुणाच्या घरी आजारपण आलं तर स्वतः गाडी घेऊन दारात उभे राहणार. काकांच्या मुलीच्या आजारपणात रात्रभर दवाखान्याच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसलेले. हे इथे लिहिलंच पाहिजे, नाहीतर माणूस अर्धाच सांगितल्यासारखा होईल.

मग ताईंच्या सासूबाई आजारी पडल्या. अंथरुणातून उठेनात. ताईंनी रजा घेतली आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसल्या. त्या बऱ्याच काळाने परत आल्या तेव्हा टेबलावर थोरल्यांच्या वेळची काळी डबी नव्हती. निळी होती.

"जुना संच मोठ्या लॅबकडे तपासायला धाडला होता, वहिनी," धाकटे म्हणाले. "ते म्हणाले, या संचाऐवजी आमचा नवाच घेऊन जा. सगळा तपासलेला आहे."

"बरं झालं," ताई म्हणाल्या, आणि कोट चढवून कामाला बसल्या.

नव्या संचाची वजनं काकांनी करून दिली होती. जुन्याहून वेगळी आली, पण हिरेच नवे म्हटल्यावर ती वेगळी येणारच. काट्याला वजन कळतं, रंग कळत नाही. तपासलेला आहे म्हणजे कुठे, कुणी, त्याचा कागद कुठाय, हे कुणी विचारलं नाही. ताईंनीही नाही. कागदाशिवाय कुणावर विश्वास ठेवू नका, हे जगाला सांगण्यात ज्या बाईचा जन्म गेला, तिने घरच्या माणसाकडे कागद मागितला नाही. आणि कोण मागतं? दीर आहे. त्याच्या आईचं करून ती नुकतीच आलेली.

काही वर्षं अशीच गेली. मग एका सकाळी ताई काकांच्या खिडकीशी आल्या आणि मूठ पुढे केली.

"काटेकाका, माझं वजन करा."

मुठीत त्यांच्या अंगठीतला हिरा होता. अंगठीत हिरा धरून ठेवणारं एक टोक झिजून मोडलं होतं आणि आदल्या रात्री भांडी घासताना हिरा टपकन बेसिनमध्ये पडला. "जाळी होती म्हणून वाचला. नाहीतर आत्ता गटारात कुणाचं तरी नशीब उजळलं असतं."

हा हिरा थोरल्यांनी लग्नाच्या वेळी घेतलेला. लॅब सुरू झाली तेव्हा हौसेने दोघांनी मिळून याचाच पहिला रिपोर्ट केला होता. रंग एच. थोरले एच म्हणत होते, ताई जी म्हणत होत्या. भांडण झालं आणि शेवटी काळ्या डबीने थोरल्यांच्या बाजूने निकाल दिला. ही गोष्ट लॅबमधल्या प्रत्येकाने निदान दहादा ऐकलेली. "माझ्या नवऱ्याने मला एच दिला आणि वर पुरावाही दिला," असं सांगून त्या हसायच्या. नंतर तो हिरा अंगठीत बसला तो बसला. बसवलेल्या हिऱ्याचा रंग नीट कळत नाही, त्यामुळे तो पुन्हा कुणी तपासला नव्हता.

काकांनी वजन केलं. ताई आत गेल्या. गंमत म्हणून त्यांनी तो पांढऱ्या कागदावर पालथा घातला आणि निळ्या डबीतल्या नमुन्यांशेजारी सरकवला. काका काचेतून बघत होते. ताई हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. हिरा पुसला, पुन्हा ठेवला. दिवा बंद करून पुन्हा लावला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण ते विसरून राहिल्यासारखं.

"काय निघालं?" काकांनी विचारलं.

"जी."

"मग तुमचंच खरं होतं की! थोरले साहेब हरले."

"हिरा म्हातारपणी गोरा होत नाही, काटेकाका," ताई म्हणाल्या, आणि तो रुमालात बांधून आत गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. काकांना आधी याचा अर्थ कळला नाही. डोळ्याला मोतीबिंदू झाला की सगळं पिवळट दिसतं, हे खरं. पण तसं झालं तर हिराही पिवळट दिसेल आणि नमुनाही. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं ते त्यासाठीच. हे ताईंना काकांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या गेल्या. नंबर लावून, डोळ्यांत थेंब घालून, अंधाऱ्या खोलीत बसून आल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे मी बघितले नाहीत." ताई खुर्चीत बसल्या. "मी म्हटलं, पुन्हा बघा. ते म्हणाले, आजी, लोक इथे डोळे चांगले निघावेत म्हणून येतात. तुम्ही रागावताय का?"

काकांना हसू आलं. मग ताईंच्या हाताकडे लक्ष गेलं. त्या मोकळी अंगठी बोटात फिरवत होत्या, आणि हिऱ्याच्या जागी जी पोकळी होती तिच्यात अंगठ्याचं नख घालत होत्या. तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आलं की ही बाई डोळे बिघडलेले असावेत म्हणून देवाचा धावा करत होती. कारण डोळे चांगले असतील तर डबी वाईट. आणि डबी ज्याने आणली तो घरचा.

"तुम्ही शनिवारी मोकळे आहात का?" ताईंनी विचारलं.

शहराच्या दुसऱ्या भागात एक मोठी लॅब होती. तिथे ताईंना कुणी ओळखत नव्हतं. शनिवारी दोघं तिथे गेले. त्या दोघांनी मिळून लॅबबाहेर केलेली एवढी एकच सफर. गुळगुळीत फरशी, भिंतीवर हिऱ्यांचे मोठाले फोटो, आणि खिडकीमागे अगदी तरतरीत मुलगी. ताईंनी रुमालाची गाठ सोडली.

"घरचा आहे का, आजी? सांभाळून हं," मुलगी म्हणाली. "कशासाठी तपासायचाय? विकायचाय?"

"नाही. बघायचाय."

"बरं. मी समजावून सांगते हं. हिऱ्याचा रंग म्हणजे तो किती पांढरा आहे ते. आमचे तज्ज्ञ तो नमुन्यांशेजारी ठेवून बघतात. तुम्हाला साध्या डोळ्यांनी फरक दिसणार नाही, पण त्यांना दिसतो."

"असं का?" ताई म्हणाल्या. "फार हुशार असतील."

"हो, फार शिकलेले असतात. हे आजोबा का?"

काका दचकले. "मी... मी वजनाला आलोय," ते म्हणाले. मुलीला हसू आवरेना. ताईही हसल्या. त्या सगळ्या महिन्यातलं ते शेवटचं मनापासून हसणं असावं.

दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिले. शेजारी एक तरुण जोडपं अंगठीची डबी उघडून मिटून उघडून बघत होतं. नवरा बायकोला म्हणाला, "रिपोर्ट आहे ना, मग काळजी नाही." ताई त्यांच्याकडे बघत होत्या. खूप वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "काटेकाका, आज आपण पलीकडे बसलोय."

रिपोर्ट आणायला काही दिवसांनी ताई एकट्याच गेल्या. कामावर आल्या आणि काकांच्या खिडकीशी क्षणभर थांबल्या.

"थोरल्यांचंच खरं होतं," त्या म्हणाल्या. "एच."

हिशेब काकांनाही करता आला. निळ्या डबीतला प्रत्येक नमुना त्याच्या खाचेवरच्या अक्षरापेक्षा एक पायरी पिवळा होता. त्याच्या शेजारी जो ठेवाल तो एक पायरी पांढरा दिसणार. सासूबाईंच्या आजारपणापासून आजपर्यंत ताईंनी ज्याला जी म्हटलं तो एच होता, ज्याला एच म्हटलं तो आय. त्यांनी एकदाही खोटं पाहिलं नव्हतं. एकदाही खरं लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी त्या धाकट्यांच्या केबिनमध्ये गेल्या. केबिनची लाकडी भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. काका आपल्या जागेवर होते. ऐकू नये असं वाटत होतं, पण उठून जायलाही पाय उचलले नाहीत.

"भावजी, ती निळी डबी कुठून आणलीत?"

"कुठली डबी, वहिनी?"

"माझ्याशी लहान होऊ नका. तुम्ही लहान होतात तेव्हा मी बघितलंय तुम्हाला."

खुर्ची सरकल्याचा आवाज. "बसा आधी. चहा सांगू?"

"नको."

मग धाकटेच बोलले, आणि आवाज नेहमीसारखाच गोड. "वहिनी, एका पायरीचा फरक. साध्या डोळ्याला दिसतो तरी का?"

"साध्या डोळ्याला दिसत नाही म्हणून तर आपण दुकान मांडलंय."

"दुकान राहिलं असतं का? सगळे व्यापारी चालले होते. बाकीच्या लॅब हात सैल सोडतात, तुमच्याकडे गेलं की हिरा उतरतो, असं तोंडावर म्हणायचे मला. दादाची लॅब माझ्या हातात बुडाली असती. तुम्ही काय म्हणाला असतात मग?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

"नसतं."

"मग? म्हणूनच नाही सांगितलं." धाकट्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "वहिनी, तुम्हाला मी खोटं लिहायला सांगितलं का कधी? एकदा तरी? तुमच्या नजरेला मी हात लावला नाही. तुम्ही जे बघितलं तेच लिहिलंत. तुमच्याकडे काही दोष येतच नाही. मी तुम्हाला यातून बाहेर ठेवलं."

वरच्या मजल्यावर डॉक्टरांचं यंत्र सुरू झालं. काकांचा काटा थरथरायला लागला. ते बंद पडेपर्यंत केबिनमधून काही ऐकू आलं नाही.

"हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय?" ताईंनी विचारलं. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं.

धाकट्यांनी पुन्हा चहाचं विचारलं.

"डबी बदललीत तेव्हा मी कुठे होते, आठवतं का?"

"वहिनी..."

"आईंच्या उशाशी होते. तुमच्या आईंच्या. तुम्ही रोज संध्याकाळी यायचात, त्यांचे पाय चेपायचात, मला म्हणायचात, वहिनी, तुम्ही दमलात, जरा पडा." ताई थांबल्या. "मी पडायचे."

मग ताईंचा आवाज एकदम कामातला झाला, व्यापाऱ्याशी बोलायच्या तसा. "ठीक आहे. पलीकडच्यांना कळवा. ज्यांचे ज्यांचे रिपोर्ट गेले त्यांना."

"कुणाला कळवू? आपल्याकडे नावं आहेत का? पाकिटावर नाव नको, नुसता क्रमांक, म्हणजे माणूस बघून रंग ठरणार नाही. हा नियम कुणाचा? तुमचाच ना, वहिनी?"

यावर ताई काय म्हणाल्या ते काकांना ऐकू आलं नाही. केबिनचं दार उघडलं, त्या बाहेर आल्या, आपल्या खोलीत जाऊन दिवा मालवून बसल्या. काकांकडे त्यांनी बघितलं नाही.

आता काकांची एक गोष्ट, आणि ती सांगावी की नाही याचा त्यांनी बराच विचार केला. त्या संचाची वजनं काकांनी केली होती. ताईंना हे ठाऊक होतं. म्हणजे काकांना माहीत होतं का, हा प्रश्न कुणाच्याही मनात येणार. ताईंच्या मनात आला असेलच. काकांनी उत्तर तयार ठेवलं होतं. मला नव्हतं माहीत, ताई, मुलीच्या गळ्याची शपथ. दोन दिवस ते खिडकीशी तयार बसून होते. ताईंनी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही इतका विश्वास होता, की विचारण्यात अर्थ वाटला नाही इतका उरला नव्हता, हे काकांना आजतागायत कळलेलं नाही. आपणहून सांगायला गेलं तर चोराच्या मनात चांदणं असंच दिसलं असतं. तेव्हा तेही गप्प राहिले. घरच्याने दिलेल्या डबीने ताईंची एवढी वर्षं खाल्ली. काकांचं काय गेलं, तर एक प्रश्न, तोही कुणी न विचारलेला. तुलनाच नको. पण तो टोचतो.

तिसऱ्या दिवशी ताई लाल भडक कपडे घालून कामावर आल्या.

लाल म्हणजे असा लाल की जिन्यातच शिंप्याने मान वर करून बघितलं. लॅबमध्ये सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. त्या तशाच रंगाच्या खोलीत जाऊन बसल्या. नव्या परीक्षक मुलीने, जिला ताईंनीच तयार केलं होतं, दारातून विचारलं, "ताई, कोट?"

"धुवायला टाकलाय."

"पण कागदावर झाक पडतेय. सगळं गुलाबी दिसतंय, ताई."

"दिसू दे ग एक दिवस."

त्या दिवशी कुठल्याही हिऱ्याचा रंग ठरला नाही. पाकिटं काकांकडून आत जायची आणि टेबलावर साचून राहायची. ताईंनी खण आवरले, चिमटे पुसले, निळी डबी उघडून बराच वेळ तिच्यात काहीतरी केलं. काचेवर त्या लाल कपड्यांचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यामुळे काकांना नीट दिसलं नाही. धाकटे केबिनमधून बाहेर आले नाहीत.

त्या पुन्हा आल्याच नाहीत. चार दिवसांनी नव्या मुलीची हाक आली. "काका, जरा बघा ना. मला काहीतरी होतंय का डोळ्यांना? जी आणि एच सारखेच दिसताहेत."

तिने एचच्या खाचेतला नमुना चिमट्याने उचलून काकांच्या काट्यावर ठेवला. काकांनी श्वास रोखला. आकडा स्थिर झाला. तो आकडा त्यांनी त्या महिन्यात एकदा बघितला होता, भांड्यांच्या बेसिनमधून वाचलेल्या हिऱ्याचा. ताईंनी आपल्या अंगठीतला हिरा, त्या घरातला तेवढा एकच खरा एच, त्या खाचेत ठेवला होता. मूळचा खोटा नमुना धाकट्यांच्या टेबलावर कोऱ्या पाकिटात सापडला होता, हे मागाहून कळलं. एक खरा हिरा आत गेला आणि बाकीचे पाच उघडे पडले. शेजारच्या जीहून तो वेगळा दिसेना, आणि पुढच्या आयपासून दोन पायऱ्या लांब दिसू लागला. शिकाऊ मुलीलाही दिसेल असा घोळ. त्या डबीवर आता कुणाला रंग ठरवता येणार नव्हता.

"डोळे ठीक आहेत तुझे," काका तिला म्हणाले. "नमुना बिघडलाय." आणि मग, धाकट्यांच्या केबिनचं दार उघडं आहे हे बघून, पुन्हा थोडं मोठ्याने, "सगळेच बिघडलेत."

धाकटे दारात येऊन उभे राहिले. काकांकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि डबी उचलून आत गेले. त्या संध्याकाळी खिडकीवर पाटी लागली की रंगाचं काम काही दिवस बंद. ते पुढे उघडलं नाही, आणि मग हळूहळू बाकीचंही. ताई बहिणीकडे राहायला गेल्या असं ऐकलं. काकांनी पत्ता मिळवला होता. जायचं राहून गेलं. मग एक दिवस वरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाईंनी जिन्यात सांगितलं की ताई वारल्या. बोटात मोकळी अंगठी तशीच होती म्हणे.

काकांना मात्र आठवते ती त्या लाल दिवसाची संध्याकाळ. उन्हाळ्याचे दिवस, अंगाची लाही होत होती. काका एका पाकिटाचं वजन करत होते. ते वजन कुणाच्या कामाला येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी करत होते. खिडकीशी लाल रंग येऊन थांबला. काकांनी मान वर केली नाही, आकडा अजून हलत होता. त्यांना वाटलं, आता विचारतील. आत्ता विचारतील.

काचेवर टकटक झाली.

"श्वास घ्या, काटेकाका," ताई म्हणाल्या. "झालं वजन."

काकांनी श्वास सोडला. ताईंच्या खांद्याला पिशवी होती.

"निघालात?"

"हो. बस गर्दीची व्हायच्या आत." त्यांनी छताकडे बघितलं. "आणि तो पंखा लावा आता. किती उकडतंय."

"लावतो," काका म्हणाले.